घरातील वडीलधाऱ्यांचे पाणी आणि पायांतले बळ



या पत्रिकेत आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांची माहिती वाचता. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण तो शेतीबाहेरचा नाही. कोणत्याही गावच्या शिवारात सकाळी दहाच्या सुमारास एक चक्कर मारून पाहा. खुरपणीला कोण बसले आहे? गुरांमागे कोण आहे? मोटर चालू करायला बांधाबांधाने कोण निघाले आहे? पुष्कळ ठिकाणी साठी ओलांडलेली माणसेच दिसतील. मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला कंपनीत, सून मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला, आणि शेताचा भार म्हाताऱ्या आईबापांवर. या माणसांचे गुडघे, मांड्या आणि पोटऱ्या हे आजच्या शेतीचे खरे भांडवल आहे. ट्रॅक्टरचे ऑइल आपण वेळेवर बदलतो. या भांडवलाकडे मात्र ते कोसळेपर्यंत कोणी पाहत नाही.

“वय झालं, पाय चालत नाहीत” हे वाक्य आपण सगळेच ऐकतो आणि सोडून देतो. वय हे एक कारण आहेच. पण वयाच्या नावावर जे खपते, त्यातला बराच भाग दोन गोष्टींचा असतो. एक, अंगात पाणी कमी पडणे. दुसरी, स्नायू झिजणे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात आणि दोन्हींवर घरच्या घरी बरेच काही करता येते. मी कृषी पदवीधर आहे, डॉक्टर नाही. तेव्हा औषधे सांगणे माझे काम नव्हे. पण पाणी कोठे साठते, कसे संपते आणि पाळी कशी द्यावी हा तर आपल्याच धंद्यातला विषय आहे.

शरीरातला ओलावा कोठे असतो

तरुण पुरुषाच्या वजनात शेकडा ६० च्या आसपास पाणी असते. म्हणजे ६० किलोच्या गड्याच्या अंगात साधारण ३६ लिटर. सत्तरीला पोचेपर्यंत हेच प्रमाण शेकडा ५० च्या घरात येते. बायकांत ते आणखी थोडे कमी असते. आता हे पाणी जाते कोठे?

स्नायूंचा, म्हणजे अंगावरच्या मांसाचा, जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. चरबीत पाणी फारच थोडे. वय वाढते तसे मांस कमी होते आणि त्याची जागा काही प्रमाणात चरबी घेते. वजनकाट्यावर माणूस तेवढाच दिसतो, पण पाणी धरून ठेवणारी जागाच घटलेली असते. भारी काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत जो फरक, तोच इथे. काळ्या रानाला पाणी दिले की पंधरा-वीस दिवस बघावे लागत नाही. मुरमाड रानात चौथ्या-पाचव्या दिवशी पीक माना टाकते. दोन्ही रानांवर ऊन सारखेच पडते, पण साठा सारखा नसतो. म्हातारे शरीर म्हणजे हलकी जमीन. नातवाने सकाळपासून दुपारपर्यंत पाणी प्यायले नाही तरी त्याला काही होत नाही. आजोबांना तेवढ्यात भोवळ येते.

दुसरी गोष्ट तहानेची. पाणी कमी झाले की मेंदू तहान लावतो. ही घंटा वयाबरोबर मंद वाजू लागते. १९८४ साली परदेशात याचा एक छोटा पण नामांकित अभ्यास झाला. त्यात ६७ ते ७५ वयाचे सात धडधाकट पुरुष आणि २० ते ३१ वयाचे सात तरुण अशा दोघा गटांना चोवीस तास पाणी दिले नाही. नंतर समोर पाणी ठेवून हवे तेवढे प्या असे सांगितले. तरुण घटाघटा प्यायले. वयस्कांना तहान कमी लागली आणि ते कमीच प्यायले, अंगात तूट असूनही. म्हणून “त्यांना तहान लागली की मागतील” हा हिशोब म्हाताऱ्या माणसाला लागू पडत नाही. तोंडाला कोरड पडेपर्यंत थांबणे म्हणजे पीक सुकल्यावर पंप सुरू करणे.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडांची. तरुणाचे मूत्रपिंड पाणी कमी पडले की लघवी दाट करून पाणी वाचवते. उतारवयात हे वाचवण्याचे काम पूर्वीसारखे होत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी बाहेर जाते.

आणि चौथे कारण कोणी उघड बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. आपल्या घरातल्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. शेतात आडोसा नसतो. गावात संडास झाला तरी गुडघे दुखतात, खाली बसले की उठवत नाही, म्हणून जायचे काम जितके कमी पडेल तितके बरे. लग्नाला किंवा बाजाराला एसटीने जायचे असले की सकाळपासून घोटभरसुद्धा नाही. पुरुषांचे दुखणे निराळे. प्रोस्टेटच्या त्रासाने रात्री चारदा उठावे लागते, अंधारात अंगणातून जायचे, म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. या माणसांना “पाणी प्या” असा उपदेश करून काही उपयोग नाही. संडासात भिंतीला हाताला धरायची कांब बसवा, खुर्चीचा संडास करा किंवा मधे भोक असलेली खुर्ची आणा, रात्री खाटेजवळ भांडे आणि उजेड ठेवा. पाणी आपोआप प्यायले जाईल. या कांबेचा खर्च खताच्या एका गोणीपेक्षा जास्त होत नाही.

बाहेरचे काही नव्हते

माझ्या कामाच्या भागातली एक हकीकत सांगतो. गाव आणि नाव सांगायचे कारण नाही. सत्तरीच्या आसपासची एक आजी, चैत्रातले ऊन, हरभरा काढून झालेला, तूर झोडायचे राहिलेले. दोन दिवस पोट बिघडले होते. घरी कोणाला बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भलतेच बोलू लागली, मुलाला ओळखेना, उभे राहायला गेली ती पडली. घरच्यांना वाटले बाहेरचे काही झाले. अंगारा लावला, एक दिवस त्यात गेला. मग शेजारच्या आशाताईने हट्ट धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तपासणीत अंगातले पाणी आणि क्षार फार घटले होते. सलाईन लावले आणि दुसऱ्या दिवशी आजीने नातवाचे नाव घेऊन चहा मागितला.

इथवर गोष्ट चांगली झाली. पण घरच्यांनी प्रेमापोटी आजीला पुढे तीन आठवडे खाटेवरून उतरू दिले नाही. जेवण खाटेवर, हात धुणे खाटेवर. तीन आठवड्यांनी तिला उभे केले तर पाय लटपटू लागले. आजारातून बरी झालेली बाई विश्रांतीने अधू झाली. यातले पहिले संकट पाण्याचे होते, दुसरे स्नायूंचे. आपल्या घरांत हे दुसरे संकट अनेकदा आपणच ओढवून घेतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

पाणी कमी पडले हे ओळखावे कसे

वासराला हगवण लागली की आपण त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. कातडी लगेच पूर्ववत झाली नाही तर पाणी कमी पडले असे समजतो. ही परीक्षा म्हाताऱ्या माणसावर करू नये, कारण वयाने कातडी सैलच झालेली असते, ती नेहमीच हळू बसते. एकट्या तोंडाच्या कोरडेवरून किंवा एकट्या लघवीच्या रंगावरूनही खात्री होत नाही. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मात्र सावध व्हावे. लघवी थोडी, गडद पिवळी आणि उग्र वासाची होणे. उठून उभे राहताना गरगरणे. बद्धकोष्ठ वाढणे. दोन-चार दिवसांत वजन एक-दीड किलोने उतरणे. कधी नव्हे ते सुस्त पडून राहणे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे. म्हातारपणाचा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी वाढतो, तो कालच्या संध्याकाळी अचानक येत नाही. अचानक आला तर तो आजार समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात तेही पाण्यानेच, असा एक समज आहे. पाणी-क्षार घटल्याने गोळे येऊ शकतात, पण इतर कारणेही पुष्कळ आहेत. पाणी वाढवूनही गोळे जात नसतील तर दाखवून घ्यावे.

पाळी किती आणि कशी

वृद्धांच्या आहाराचा विचार करणारे तज्ज्ञ साधारण असे माप सांगतात की, बाईने दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषाने २ लिटर पेय पोटात घ्यावे. यात फक्त पाणीच नव्हे, तर चहा, ताक, दूध, पेज, कढण हे सगळे धरावे. हे माप सावलीत बसलेल्या माणसाचे आहे. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात काम करणाऱ्याला त्याहून बरेच जास्त लागते.

घरातल्या तांब्याचे माप एकदा लिटरच्या बाटलीने मोजून ठेवा, फुलपात्राचेही. तांबे लहानमोठे असतात. “मी दोन तांबे पितो” यावरून काही कळत नाही.

हलक्या जमिनीला एकदम मोकाट पाणी देऊन उपयोग नसतो, निचरा होऊन जाते. थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे लागते. इथेही ठिबकच चांगले. सकाळी उठल्यावर एक फुलपात्र, न्याहारीबरोबर एक, शेतात पोचल्यावर एक, मग काम करताना दर अर्ध्या-पाऊण तासाला अर्धे फुलपात्र, दुपारच्या भाकरीबरोबर ताक, झोपून उठल्यावर एक, दिवेलागणीला एक. गोळ्या घेताना घोटभराऐवजी फुलपात्रभर पाणी घ्यावे, तेवढेच जास्त पोटात जाते. रात्री उठण्याचा त्रास असेल त्यांनी दिवसाचे माप संध्याकाळी सातच्या आत पुरे करावे आणि झोपण्याआधी दोन तास फार पिऊ नये. म्हणजे पाणीही पुरते आणि झोपही मोडत नाही. शेतात जाताना म्हाताऱ्या माणसाच्या हातात त्याची वेगळी बाटली द्यावी. सामाईक कळशी असली की कोण किती प्यायले ते समजत नाही, आणि म्हातारे माणूस मागून मागून मागत नाही.

चहाने अंगातले पाणी जाते असे म्हणतात. रोजच्या दोन-तीन कपांनी तसे काही होत नाही, चहातले पाणी अंगी लागतेच. साखर बेताने घाला एवढेच. दारूने मात्र लघवी वाढते आणि पाणी जाते. बाटलीतल्या रंगीत गोड पाण्याबद्दल मी काय सांगणार? घरात ताक असताना ते विकत घेणे मला तरी पटत नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांत या कामाच्या वस्तू होत्याच. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, भाताची पेज, हुलग्याचे माडगे, कोकणात कुळथाची पिठी, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, मटकी-मुगाचे कढण. पाणी, थोडे मीठ आणि थोडे धान्य किंवा कडधान्य असा हा मेळ आहे. दात गेलेल्या माणसालाही चालतो. रक्तदाब असेल त्यांनी यांत मीठ नाममात्र घालावे, आणि मधुमेह असेल त्यांनी गूळ-साखर टाळावी.

हगवण-उलटी झाली तर साधे पाणी पुरत नाही, क्षारही द्यावे लागतात. त्यासाठी जीवनजल, म्हणजेच ओआरएसचे पाकीट आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईकडे मिळते. हे औषध नावारूपाला आले ते आपल्याच देशात. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते ४ च्या खाली आले. साखरेच्या आधाराने आतडे मीठ शोषते आणि मिठामागे पाणी येते, एवढेच त्याचे शास्त्र. पाकीट मोठे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळे एकदम घालावे. छोटी पाकिटेही असतात, म्हणून किती पाण्यात घालायचे ते पाकिटावर वाचावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने मुठीने टाकू नये. जास्त मीठ उलटे नुकसान करते. केलेले पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे.

आता मांसाबद्दल

तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचे मांस साधारण शेकडा ३ ते ८ ने घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बळ तर मांसाहूनही लवकर उतरते. ही झीज फार जुनी, पण तिला वेगळे नाव १९८९ साली मिळाले. अमेरिकेतले डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ असा शब्द बनवला. अर्थ सरळ आहे, मांसाची उणीव. नाव मिळाले म्हणून डॉक्टर मंडळी तिच्याकडे म्हातारपणाचा भोग म्हणून न पाहता इलाज करण्याजोगी गोष्ट म्हणून पाहू लागली.

घरी पडताळा कसा घ्यावा? जपानमध्ये कशिवा शहरातल्या ज्येष्ठांवर एक सोपी रीत तपासली गेली आहे. खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकवावेत. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि तर्जन्या एकमेकींना लावून कडे करावे आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावे. पोटरी कड्यात मावत नसेल तर चांगले. बरोबर बसत असेल तर लक्ष ठेवावे. कडे आणि पोटरी यांत फट राहत असेल तर मांस घटले असण्याचा संभव बराच आहे. मात्र पाय सुजलेले असतील तर ही परीक्षा फसते. दुसरी परीक्षा घड्याळाची. हात छातीवर घडी घालून, खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली घातलेल्या मापाप्रमाणे यास १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांचे बळ उणे समजावे. शेजारी कोणी उभे असल्याशिवाय ही परीक्षा करू नये.

मांस घटवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंथरूण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वयस्कांना, लक्षात घ्या, आजारी नव्हे, दहा दिवस खाटेवर ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. पंधरा दिवस दावणीला बांधलेला बैल एकदम औताला जुंपला तर त्याचे काय होते ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण त्याला आधी रिकामा फिरवतो. आजीच्या बाबतीत मात्र आपण “पडून राहा, काही करू नको” म्हणतो. डॉक्टरांनी बजावून सांगितले नसेल तर आजारातही दिवसातून तीन-चार वेळा तिला खाटेवर बसवावे, आधार देऊन उभे करावे, संडासापर्यंत चालवावे. जेवण बसून द्यावे. हाड मोडले असेल, छातीत दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर म्हणतील तसे.

गेलेले बळ परत येते का? येते, आणि फार उशिरासुद्धा येते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीतल्या दहा जणांना पायाने वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. एकाने मध्ये सोडले. उरलेल्यांचे मांडीचे बळ सरासरीने दुपटीहून जास्त वाढले. नव्वदाव्या वर्षी हे होते, तर पासष्टाव्या वर्षी हात टेकण्याचे कारण नाही.

आता काही मंडळी म्हणतील, “आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” प्रश्न बरोबर आहे. शेतात राबणारा माणूस खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा खचितच चांगला. पण चार तास उकिडवे बसून खुरपले तर कंबर थकते, मांडीला भार पडत नाही. बळ वाढायला स्नायूवर थोडा जास्त भार, थोडाच वेळ, आणि मग विसावा असे लागते. त्यासाठी उठबस हा सर्वांत सोपा प्रकार. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची किंवा बाकडे घ्यावे, प्लॅस्टिकची सरकणारी खुर्ची नको. हात न लावता हळूहळू उठावे, त्याहून हळू बसावे. आठ-दहा वेळा करून दोन मिनिटे बसावे, पुन्हा आठ-दहा वेळा. एक दिवसाआड करावे. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल. सोपे वाटू लागले की दोन्ही हातांत पाण्याची लिटरची बाटली धरून उठबस करावी, आणि झाल्यावर त्यातलेच पाणी प्यावे. खांबाला धरून टाचा उचलणे आणि एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहणे, ही दोन कामे जोडीला ठेवा. त्याने पोटरी आणि तोल दोन्ही सुधारतात. छातीत दुखले, दम फार लागला, गरगरले तर थांबावे. गुडघा नुसता अवघडत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी.

ताटात काय असावे

भार दिला पण खत दिले नाही तर मांस वाढणार कशाने? आपल्या देशात पौगंडावस्थेपुढच्या निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी धरतात. वृद्धांसाठी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण म्हातारा स्नायू खाल्लेल्या प्रथिनांतून नवे मांस कमी बनवतो. ५० किलोच्या आजीला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम.

आता आजीचे ताट पाहा. सकाळी चहात बुडवून बटर, दुपारी एक चतकोर कमी भाकरी आणि वरचे वरण, रात्री दूधभात, तोही पाणी घातलेल्या दुधाचा. मोजले तर पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर जाणार नाही. घट्ट वरण पोरांना आणि वरचे पाणी म्हाताऱ्यांना, ही वाटणी कोणी ठरवून केलेली नसते, पण पुष्कळ घरांत ती असतेच.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तूर-मूग-मटकीत २० च्या वर, शेंगदाण्यात २४ च्या आसपास, एका अंड्यात ६, कपभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात साडेसहा-सात. हिशोब जुळवून पाहू. दिवसाला अडीचशे ग्रॅम पिठाची भाकरी, मूठभर तुरीचे घट्ट वरण, वाटीभर मटकीची मऊ उसळ, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, एक कप दूध. एवढ्यात पन्नास ग्रॅम होतात. भाकरी तेवढी जात नसेल तर एक-दोन अंडी किंवा मासळी धरावी. अंडी-मासळी खात नसतील तर दही वाढवावे. दात नसतील तर उसळ घोटून, भाकरी ताकात कुस्करून, दाणे कूट करून, पण ताटातून काढून टाकू नयेत. सगळी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात न ठेवता न्याहारीपासून तिन्ही वेळांत वाटावीत. बटराच्या जागी न्याहारीला अंडे, मुगाचे धिरडे किंवा दाण्याचे कूट घातलेली आंबील आली की अर्धे काम होते. बाजारातल्या डब्यांतल्या भुकटीची गरज सहसा पडत नाही.

उन्हातले काम आणि काही इशारे

उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाने सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतरच शेतात असावे. डोक्याला ओले फडके, सुती सैल कपडे. अंग तापलेले, बोलणे अडखळणारे, चाल झोकांडी जाणारी असे दिसले तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरी. सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाते.

वर दिलेले पाण्याचे आणि प्रथिनांचे माप सगळ्यांना सरसकट लागू नाही. हृदय कमजोर असून पायांवर सूज आणि दम असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर जास्त पाणी आणि जास्त प्रथिने अपायकारक ठरू शकतात. अशांनी आपले माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवीच्या गोळ्या चालू असताना नुसते साधे पाणी खूप प्यायल्यास रक्तातले मीठ फार उतरते आणि त्यानेही माणूस गोंधळतो, म्हणून तिथेही अतिरेक नको. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्र हगवण-उलटी चालू असेल त्या दिवशी ही गोळी घ्यायची की नाही, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात जाणार असाल तर वृद्धांच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी करा. २०१० मध्ये सुरू झालेल्या वृद्ध आरोग्य सेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तरतूद आहे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, अर्धवट राहिलेलीसुद्धा, म्हणजे डॉक्टरांना नावे विचारत बसावे लागणार नाही.